लुई आर्मस्ट्राँग कसा ऐकावा: हाताने मात्रा मोजत, 1923 ते 1931

लुई आर्मस्ट्राँग म्हटलं की बहुतेकांना घोगरा आवाज, पांढरा रुमाल आणि ते मोठं हसू आठवतं. ती ओळख खोटी नाही, पण ती त्याच्या साठीच्या आसपासची आहे. ‘हॅलो, डॉली!’ 1964 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा तो 62 वर्षांचा होता, आणि ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ त्यानंतर तीन वर्षांनी आलं. ज्या कामासाठी त्याला जाझचा आद्य एकलवादक मानतात ते त्याने पंचविशीत, 1925 ते 1928 या काळात करून ठेवलं होतं. ते काम आजच्या कानाला पटकन सापडत नाही. रेकॉर्ड जुनी, खरखर भरपूर, आणि त्याने शोधलेल्या गोष्टी पुढे सगळ्यांनी इतक्या उचलल्या की मूळ ऐकताना त्यात नवं काय होतं हेच कळत नाही.

यावर आम्ही एकच उपाय सांगतो. ऐकताना हात चालू ठेवा. आर्मस्ट्राँगचा शोध स्वरांच्या उंचीत कमी आणि ठेक्याच्या संदर्भात स्वर कुठे पडतो यात जास्त आहे. ठेका हातात नसेल तर तो शोध कानावरून घसरून जातो.

आधी आवाज नीट लावा

या सगळ्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे), दहा इंची तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे प्रत्येक रचना तीन मिनिटांच्या आसपास संपते. रेकॉर्डिंग मोनो आहे. म्हणून फोनमधला किंवा ॲम्प्लिफायरमधला सराउंड, बेस बूस्ट, थ्रीडी असलं काहीही आधी बंद करा. बेस वाढवून उपयोग नाही, कारण खालचे स्वर मुळात फारसे टिपलेच गेलेले नाहीत. वाढतो तो फक्त घरघराट.

एकाच रेकॉर्डच्या चार-पाच आवृत्त्या मिळतात. त्यातली सर्वांत ‘स्वच्छ’ आवृत्ती निवडण्याचा मोह टाळा. खरखर पूर्ण पुसली की तिच्याबरोबर ट्रम्पेटची धार आणि झांजेचा टोकदार आवाज पण जातो, आणि वाद्यं घोंगडीखालून वाजल्यासारखी वाटतात. थोडी खरखर असलेली आवृत्ती घ्या. पाच मिनिटांत कान तिला सरावतो.

दुसरी अडचण स्वराची. त्या काळी रेकॉर्डिंग यंत्राचा वेग प्रत्येक वेळी बरोबर 78 नसायचा. त्यामुळे हार्मोनियम घेऊन बसलात आणि स्वर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागला, तर कानाला दोष देऊ नका. स्वर वर-खाली करणारं कुठलंही साधं सॉफ्टवेअर घ्या आणि पाव स्वरापर्यंत सरकवून पट्टी जुळवा. त्याच सॉफ्टवेअरमध्ये स्वर न बदलता वेग 75 टक्क्यांवर आणता येतो आणि दोन बारांचा (बार म्हणजे चार मात्रांचा गट) तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो. दोन्ही सोयी पुढे लागतील. 60 टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ नका, कारण तिथे स्वरांची टोकं विरघळतात आणि नेमकं जे ऐकायचं तेच नाहीसं होतं.

मोजायचं कसं

ब्लूज हा जाझमधला एक ठरलेला साचा. त्याचं एक आवर्तन 12 बारांचं, प्रत्येक बार 4 मात्रांचा, म्हणजे एकूण 48 मात्रा. तोंडाने असं मोजा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं बारापर्यंत. पहिला आकडा कुठल्या बारात आहात ते सांगतो.

टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. आपली सवय समेवर टाळी देण्याची, त्यामुळे हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. तसं झालं की सगळं संगीत जड, कवायतीसारखं वाटायला लागतं. पहिल्या मात्रेवर फक्त पाय टेकवा, टाळी दोनवर. हे अंगात बसायला दोन दिवस लागतात आणि त्याआधी पुढे जाण्यात अर्थ नाही.

हार्मोनियम असेल तर सा काळी दोनवर धरा. पुढे येणारा ‘वेस्ट एंड ब्लूज’ याच पट्टीत आहे. पहिले चार बार सा-ग-प दाबून ठेवा. पाचव्या-सहाव्या बारात म-ध-सां, सातव्या-आठव्यात परत सा-ग-प, नवव्या-दहाव्यात प-नी-रें आणि त्यावर वरचा म, शेवटचे दोन पुन्हा सा-ग-प. प्रत्यक्ष वादक मध्ये आणखी छोटे बदल करतात, पण सांगाडा हाच. हे हाताने एकदा वाजवून पाहिलं की मोठी गैरसमजूत दूर होते. तानपुऱ्यावर पोसलेल्या कानाला पायाचा षड्ज अढळ वाटतो. इथे पाचव्या बारात जमीनच मध्यमावर सरकते आणि वादकाला आपला स्वर त्या सरकलेल्या जमिनीवर नव्याने बेतावा लागतो.

तिसरी गोष्ट, झोक. एका मात्रेचे दोन भाग कधीही सारखे करू नका. मात्रेचे तीन तुकडे कल्पा. पहिला आवाज दोन तुकड्यांचा, दुसरा एका तुकड्याचा. ‘दाऽद दाऽद’ असं म्हणा. यालाच स्विंग म्हणतात, पण दोनास एक हे फक्त सुरुवातीचं माप आहे. आर्मस्ट्राँग ते सतत ताणतो आणि सैल सोडतो.

प्रत्येक रेकॉर्ड किमान चारदा ऐका. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा टाळी देत. तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर गुणगुणत. चौथ्यांदा त्याच्याकडे लक्ष न देता बाकीचे काय करतात ते ऐकत. आठवड्याला एक रेकॉर्ड पुरे.

शिकागो, 1923: मागे उभा असलेला कॉर्नेट

थोडी पार्श्वभूमी. जन्म 4 ऑगस्ट 1901, न्यू ऑर्लिन्स. तो स्वतः 4 जुलै 1900 सांगायचा. खरी तारीख बाप्तिस्म्याच्या नोंदीतून पुढे आली. 1912 च्या वर्षअखेरीच्या रात्री रस्त्यात पिस्तूल झाडल्याबद्दल त्याला मुलांच्या सुधारगृहात पाठवलं, आणि तिथल्या बँडमध्ये पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याच्या हाती कॉर्नेट दिलं, म्हणजे ट्रम्पेटसारखंच पण आखूड वाद्य. पुढे मिसिसिपीवरच्या बोटींवर फेट मॅरेबलच्या बँडमध्ये वाजवत तो नोटेशन वाचण्यात तयार झाला. ऑगस्ट 1922 मध्ये त्याचा गुरू जो ‘किंग’ ऑलिव्हर याने त्याला शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायला बोलावून घेतलं.

एप्रिल 1923 मध्ये या बँडने इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं. त्यातलं ‘चाइम्स ब्लूज’ घ्या. रेकॉर्डवरचा आर्मस्ट्राँगचा हा पहिला एकलवादनाचा तुकडा, दोन आवर्तनांचा, म्हणजे 24 बारांचा. मायक्रोफोन नव्हता, सगळे एका मोठ्या भोंग्यासमोर उभे राहून वाजवत. त्यामुळे कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन एकमेकांत गुंतलेले येतात आणि खालचा ठेका अंदाजानेच धरावा लागतो. तुकडा सुरू झाला की आवर्तनं मोजा. दुसरं आवर्तन जवळजवळ पहिल्यासारखंच आहे. इथे उपज शोधू नका. बेतून बसवलेली चाल आहे, फक्त सूर इतरांपेक्षा भरदार आहे.

त्याच सुमाराची ‘डिपरमाउथ ब्लूज’ही जवळ ठेवा. तिच्यातला तीन आवर्तनांचा प्रसिद्ध तुकडा ऑलिव्हरचा आहे, वाद्याच्या तोंडावर झाकण उघडमीट करून ‘वा-वा’ काढलेला. मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप असतो ना, त्याची लाकडी मूठ काढली की उरणारी वाटी या कामाला अजूनही वापरतात. आर्मस्ट्राँगचा रस्ता मात्र हा नव्हता. तो बहुतांशी उघड्या वाद्यावर वाजवायचा आणि सगळा भाव फुंकेतून काढायचा.

न्यूयॉर्क, 1924-25: एका खोलीत दोन काळ

बँडमधली पियानोवादक लिल हार्डिन हिच्याशी त्याने फेब्रुवारी 1924 मध्ये लग्न केलं. ऑलिव्हरच्या सावलीतून त्याला बाहेर काढण्याचं श्रेय तिचं. त्याच वर्षी शरदात तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या नृत्यवृंदात गेला.

‘कोपनहेगन’ ही 30 ऑक्टोबर 1924 ची रेकॉर्ड यासाठी घ्या. अर्ध्या तासात सगळा मुद्दा उलगडून दाखवणारी दुसरी रेकॉर्ड नाही. बाकीचे वादक कुशल आहेत, पण त्यांची प्रत्येक मात्रा सारख्या दोन भागांत चिरलेली आहे. तुमची टाळी त्यांच्याशी यंत्रासारखी जुळते. मग आर्मस्ट्राँगचे 12 बार येतात आणि टाळी एकदम हलकी वाटायला लागते, जणू वेगच बदलला. वेग तोच आहे. हाताने मोजून खात्री करून घ्या. तो काही स्वर मात्रेच्या किंचित मागे ठेवतो, काही आधी टाकतो, आणि वाक्य बारच्या रेषेवर न संपवता पुढे ओढून नेतो.

नंतर मे 1925 ची ‘शुगर फूट स्टॉम्प’ लावा. ही ‘डिपरमाउथ’चीच नवी मांडणी, आणि आर्मस्ट्राँग त्यात गुरूचीच तीन आवर्तनं वाजवतो. गुरू-शिष्याचा एकाच बंदिशीचा तुकडा पाठोपाठ ऐकायला मिळणं ही चैन आहे, सोडू नका.

हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन

12 नोव्हेंबर 1925 रोजी शिकागोत ‘ओके’ (OKeh) या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याच्या नावाचा पहिला बँड, हॉट फाइव्ह, रेकॉर्डिंगला बसला. किड ओरी ट्रॉम्बोनवर, जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर, जॉनी सेंट सिर बँजोवर, लिल पियानोवर. ड्रम नाही, बास नाही. ठेका पियानो आणि बँजो मिळून देतात. तो ऐकू येत नाही असं वाटलं तर बँजोची टकटक पकडा. चारही मात्रा तिथे आहेत.

26 फेब्रुवारी 1926 च्या दोन रेकॉर्ड एकत्र ऐकायच्या. ‘हीबी जीबीज’मध्ये तो शब्द सोडून निरर्थक अक्षरं गातो, स्कॅट. कागद हातातून पडला म्हणून तसं गायलं, ही गोष्ट फार सांगितली जाते. स्कॅट त्याआधीही होतं. पण या रेकॉर्डनंतर ते जाझ गायनाचा भाग झालं. आपल्याला तराना माहीत असल्याने हे परकं वाटू नये. त्याने निवडलेली अक्षरं लक्षपूर्वक ऐका. जिथे तो ट्रम्पेटवर जिभेने स्वर तोडेल तिथे गाण्यात कठोर व्यंजन येतं, जिथे घसरेल तिथे स्वर लांबतो. ‘कॉर्नेट चॉप सुई’ त्याच दिवसाची. तीच अक्षरं आता वाद्यातून येताना ऐकू येतील.

10 मे 1927 ची ‘पोटॅटो हेड ब्लूज’ हॉट सेव्हन या सात जणांच्या बँडची. ट्यूबा (खालचे स्वर देणारा मोठा भोंगा) आणि बेबी डॉड्सचे ड्रम यात आले, कारण विजेच्या रेकॉर्डिंगमुळे ते आता टिपता येत होते. नावात ब्लूज असलं तरी बांधणी बारा बारांची नाही; बाराव्या बारवर पोचून गोंधळ झाला तर चूक तुमची नाही. ऐकायचा भाग शेवटाकडे, बँजोच्या छोट्या तुकड्यानंतर येतो. तिथे सगळा बँड थांबतो आणि दर दुसऱ्या बाराच्या पहिल्या मात्रेवर एकच टोला देतो. मधल्या सात मात्रा मोकळ्या. असे 32 बार. याला स्टॉप-टाइम म्हणतात.

इथे टाळी न थांबवता आठ-आठ मोजत राहा. बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात चुकतं, कारण आर्मस्ट्राँगचं वाक्य टोल्यावर संपत नाही. तो टोल्याच्या अलीकडे थांबतो किंवा त्याच्यावरून चालत पुढे जातो, आणि आपण त्याच्या वाक्याच्या शेवटालाच सम समजून बसतो. वेग 75 टक्क्यांवर आणा, ट्रम्पेटकडे लक्ष न देता फक्त टोले मोजा, मग पूर्ण वेगात ट्रम्पेट ऐका. सात मात्रांच्या रिकाम्या जागेत त्याच्या पोटात ठेका किती पक्का होता ते या तुकड्यात उघडं पडतं. कुणीही मदतीला नाही.

‘हॉटर दॅन दॅट’ (13 डिसेंबर 1927) मध्ये गिटारवर पाहुणा लॉनी जॉन्सन आहे. स्कॅटच्या आवर्तनात मध्येच असा एक पट्टा येतो की तो दीड-दीड मात्रेवर एकेक अक्षर टाकत सुटतो. घरी करून पाहा: टाळी सरळ ठेवा आणि बारा मात्रांत सारख्या अंतराने आठ अक्षरं म्हणा. तीन बारांनी अक्षर आणि पहिली मात्रा पुन्हा एकत्र येतील. तालाशी खेळलेल्या माणसाला हे गणित सोपं आहे. 1927 च्या लोकप्रिय संगीतात कुणी ते हसत-खेळत गाऊन दाखवणं नवीन होतं.

वेस्ट एंड ब्लूज, बार-बार

28 जून 1928. रचना ऑलिव्हरची. पियानोवर अर्ल हाइन्स, क्लॅरिनेटवर जिमी स्ट्राँग, ट्रॉम्बोनवर फ्रेड रॉबिन्सन, बँजोवर मॅन्सी कार, ड्रमवर झटी सिंगलटन. पुढच्या वेळा मिनिट-सेकंदात आहेत. आवृत्तीनुसार एक-दोन सेकंद इकडेतिकडे होतील.

0:00 ते 0:15. एकटा ट्रम्पेट. इथे टाळी देऊ नका. पहिले चार स्वर मात्र सारख्या लांबीचे आहेत. त्यातून वेगाचा अंदाज येतो आणि लगेच मोडतो. पहिलं वाक्य वर चढून टोक गाठतं, दुसरं वळणं घेत खाली उतरतं. आलापाशी तुलना करावीशी वाटते, पण आलाप राग उलगडतो. हा तुकडा मुख्यतः वेग उलगडतो. एकाच श्वासात ऐका.

0:15 ते 0:50. सगळा बँड, पहिलं आवर्तन. टाळी सुरू. चाल साधी सुरू होते आणि बारागणिक दाट होत जाते. अकराव्या-बाराव्या बारात तो पायऱ्या चढत वरच्या पंचमावर पोचतो. हा पंचम लक्षात ठेवा.

0:50 ते 1:24. ट्रॉम्बोन. ठेक्याला झटी सिंगलटनची टकटक. इथे विसावा घ्या.

1:24 ते 1:59. क्लॅरिनेट आणि आर्मस्ट्राँगचा आवाज, सवाल-जवाब. क्लॅरिनेट खालच्या सप्तकात एक वाक्य म्हणतं, तो हलक्या आवाजात उत्तर देतो. सुरुवातीची उत्तरं म्हणजे प्रश्नाचीच नक्कल. हळूहळू उत्तर प्रश्नापेक्षा मोठं होतं. इतकं मऊ गाणं त्याच्या नावाशी आपण जोडत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

1:59 ते 2:32. हाइन्सचा पियानो. उजव्या हाताने सप्तकाच्या जोड्या वाजवून तो ट्रम्पेटसारखं वाक्य काढतो. आर्मस्ट्राँगचा प्रभाव ऐकायचा पहिला नमुना हाच, त्याच खोलीत, त्याच दिवशी.

2:32. तोच पंचम. आता तो जवळजवळ चार बार, सोळाच्या आसपास मात्रा, ताणून धरलेला. मोजा. खाली चारही बार सा-ग-प आहे, म्हणून स्वर कुठे हलायची गरज नाही. फक्त त्याचा दाब वाढत जातो. पाचव्या बारात जमीन मध्यमावर सरकते आणि तिथेच तो सुटतो, खाली कोसळणारी एकच छोटी तान पुन्हा पुन्हा. आठव्या बारानंतर, 2:56 च्या सुमारास, ठेका थांबतो. टाळी सोडून द्या. हाइन्स वेग सैल करून एकटा वाजवतो, आर्मस्ट्राँग उरलेलं वाक्य पुरं करतो, आणि अगदी शेवटी झांजेची एक कोरडी टिचकी पडते.

पहिल्या आवर्तनाच्या शेवटी ज्या पंचमाला नुसता स्पर्श केला त्याच्यावरच शेवटचं आवर्तन उभं आहे. तीन मिनिटांच्या तबकडीत अशी लांबवरची आखणी असू शकते हे या रेकॉर्डने दाखवलं.

वाजवणाऱ्यांसाठी

हातात बी-फ्लॅट ट्रम्पेट असेल तर ‘वेस्ट एंड ब्लूज’ तुम्हाला लिखित एफमध्ये वाजवावं लागेल, आणि तो लांब पंचम म्हणजे तुमचा वरचा सी, पाच रेषांच्या वर दोन आडव्या रेषांचा. सुरुवातीचा तुकडा त्याच्याही वर जातो. वर्षभराचा रियाज झालेला नसेल तर एक सप्तक खाली वाजवा. त्यात कमीपणा नाही. ठेवण तीच शिकायला मिळते.

क्रम असा ठेवा: आधी ऐकून पाठ, मग गाऊन, मग माउथपीसवर नुसत्या ओठांच्या थरथरीने, आणि शेवटी वाद्यावर. कागदावरचं नोटेशन पाहून सुरुवात केली की स्वर बरोबर येतात आणि जागा चुकतात, कारण तो झोक लिहिता येत नाही. दोन बार घ्या, ते गाता आले की पुढचे दोन.

कंप हा त्याचा अंगठ्याचा ठसा. लांब स्वर आधी सरळ, काठीसारखा धरायचा आणि शेवटच्या तृतीयांशात हलवायचा. सुरुवातीपासून हलवला की स्वर रडका होतो. दुसरी खूण, खालून वरच्या स्वरावर घेतलेली झेप. पिस्टन अर्धवट दाबून मधले स्वर फुंकेनेच ओलांडतात. मनगटाने वाद्य ओठांवर रेटून ही झेप घेऊ नका.

इथे गंभीरपणे घ्यायची गोष्ट. आर्मस्ट्राँग माउथपीस ओठांवर फार जोराने दाबायचा, रात्रीमागून रात्री उंच स्वर वाजवायचा, आणि तिशीतच त्याचे ओठ फाटले. काही काळ वादन थांबवावं लागलं. ओठाभोवतीचा स्नायू फाटण्याच्या या दुखापतीला वैद्यकात त्याच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हणतात. म्हणून जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ वाद्य खाली ठेवा: पंधरा मिनिटं वादन, पंधरा मिनिटं विश्रांती. माउथपीस काढल्यावर ओठांवर खोल वळ उठत असेल किंवा बधिरपणा राहत असेल तर त्या दिवसाचे उंच स्वर संपले. हवा पोटातून वाढवा, हाताचा दाब नाही.

त्यानंतरची वर्षं आणि प्रभाव

1929 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथून मोठ्या वृंदांचा म्होरक्या झाला. या काळातली ‘स्टारडस्ट’ (नोव्हेंबर 1931) एकापेक्षा जास्त टेकमध्ये (एकाच रचनेची वेगवेगळी रेकॉर्डिंग) मिळते. सगळे पाठोपाठ ऐका. मूळ चाल वर-खाली लांब उड्या घेणारी आहे. तो गाताना ती चपटी करून दोन-चार स्वरांवर आणतो आणि सगळी गंमत कालावर सोडतो. बिंग क्रॉस्बी आणि बिली हॉलिडे यांनी गायनात हेच घेतलं: शब्द बोलल्यासारखा, मात्रेच्या मागे रेंगाळत टाकायचा. सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स हेंडरसनच्या वृंदात त्याच्या शेजारी बसून बदलला. ट्रम्पेटमध्ये रेषा सरळ जाते: आर्मस्ट्राँग, मग रॉय एल्ड्रिज, मग डिझी गिलेस्पी. तिघांचा एकेक तुकडा सलग लावला तर वेग वाढत जातो, स्वर दाट होत जातात, पण वाक्य बारच्या रेषेवरून ओढून नेण्याची रीत तीच राहते.

1947 पासून शेवटपर्यंत तो ‘ऑल स्टार्स’ या छोट्या बँडबरोबर जगभर फिरला. तरुण वादकांना त्याचं रंगमंचावरचं हसू लाचार वाटायचं. त्यांच्या रागाला कारणं होती, पण 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवलं गेलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उघड टीका करून सरकारी सोव्हिएत दौरा नाकारणारा हाच माणूस होता. या काळासाठी 1954 चं ब्लूज-रचनाकार डब्ल्यू. सी. हँडीच्या रचनांचं वादन ऐका; आवाज आणि ट्रम्पेट दोन्ही भरात आहेत. 6 जुलै 1971 रोजी तो न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या कोरोना भागातल्या आपल्या घरी वारला. ते घर आता संग्रहालय आहे.

मुंबईचा धागा

28 मे 1926 रोजी शिकागोत अर्स्किन टेटच्या वृंदाने ‘स्टॅटिक स्ट्रट’ आणि ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ या दोन रेकॉर्ड केल्या. ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँग, पियानोवर टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड पुढे आशियात आला, मुंबईच्या ताजमध्ये वाजवू लागला आणि 1945 मध्ये कोलकात्यात वारला. आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलेली बोटं अपोलो बंदरावर ऐकायला मिळत होती.

त्याच ताजमध्ये 1940 च्या दशकात गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे शिक चॉकलेट, बँड चालवायचा. त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रुमालासकट सगळी ठेवण त्याने उचलली होती. सी. रामचंद्रांबरोबर त्याने सिनेसंगीतात काम केलं, आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’ (1951) मध्ये तो आणि त्याचा बँड प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. त्यातलं ‘शोला जो भडके’ घ्या. ‘स्टॅटिक स्ट्रट’ आणि हे गाणं एकामागून एक लावा. ताल निराळा आहे, पंचवीस वर्षांचं अंतर आहे. टाळी दोन आणि चारवर ठेवून दोन्हीकडे एकच गोष्ट तपासा: ट्रम्पेटचं वाक्य बारच्या रेषेवर संपतं, की पलीकडे जातं.